अँटिबायोटिक मातीतून आलं, आणि त्याला दाद न देणारे जंतूही तिथलेच

अँटिबायोटिक्स निकामी होत चाललीत, ही बातमी आता इतक्या वेळा येते की आपण शीर्षक वाचून पुढे जातो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा होता की २०१९ या एका वर्षात जगभरात साधारण १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले. आकडा भयंकर आहे, पण हे औषध मुळात आहे काय आणि ते निकामी होतं म्हणजे नक्की काय होतं, ते बातमीत सहसा नसतं.

बऱ्याच जणांच्या डोक्यात अँटिबायोटिक म्हणजे जोरदार औषध, असं बसलेलं असतं. साध्या गोळीने ताप उतरला नाही ना, मग आता जोरदार काहीतरी द्या. मला वाटतं सगळा घोळ इथूनच सुरू होतो. अँटिबायोटिक हे एका विशिष्ट प्रकारच्या जीवाच्या एका विशिष्ट भागावर जाऊन बसणारं रसायन आहे, तो भाग समोर असेल तर ते जीव वाचवतं आणि नसेल तर कितीही घ्या काही उपयोग नाही. आणि हे रसायन बहुतेक वेळा माणसाने शोधून काढलेलं नाही, ते सूक्ष्मजीवांनीच स्वतःसाठी बनवलेलं आहे, आपण ते फक्त उचललंय. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी कोण कोण आहे ते बघू

आजार करणाऱ्या सगळ्याच गोष्टींना आपण सरसकट जंतू म्हणतो, पण त्यात फार वेगवेगळी मंडळी असतात. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, हे एका पेशीचे स्वतंत्र जीव, स्वतः खातात, वाढतात, एकाचे दोन होतात. टीबी, टायफॉइड, कॉलरा, लघवीच्या जागेचं इन्फेक्शन, ही बॅक्टेरियाची कामं. विषाणू म्हणजे व्हायरस, त्याला स्वतःची पेशीच नसते, तो आपल्या पेशीत घुसून तिच्याकडून आपल्या प्रती काढून घेतो. सर्दी, फ्लू, डेंग्यू, कोविड हे व्हायरल. तिसरी बुरशी, तिची पेशी बरीचशी आपल्या पेशीसारखी असते, त्यामुळे बुरशी मारणारी औषधं बनवणं अवघड जातं.

या लेखात अँटिबायोटिक म्हणजे बॅक्टेरियाला मारणारं किंवा त्याची वाढ थांबवणारं औषध, एवढंच धरून चालू.

पावसात मातीला वास येतो तो कुणामुळे

पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो त्यात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा आहे आणि ते बनवणाऱ्यांत एक ठळक नाव म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस. हा बॅक्टेरियाच, पण वाढतो बुरशीसारखा, बारीक धाग्यांचं जाळं करून. सूक्ष्मजीवांपासून मिळालेली जी अँटिबायोटिक्स माणसाच्या वापरात आली त्यातली जवळपास दोन तृतीयांश याच्या आणि याच्या भाऊबंदांच्या नावावर आहेत.

तो हे कशाला बनवतो? असं बघा, धाग्यांचं जाळं करून राहणारा जीव जागचा हलू शकत नाही. आसपासचं खाणं संपत आलं की तो बीजाणू तयार करायला घेतो, म्हणजे वाऱ्यावर, पाण्यावर, किड्यांच्या अंगावर बसून दुसरीकडे जाऊ शकतील असे कण. त्यासाठी लागणारा माल तो स्वतःचेच जुने धागे विरघळवून मिळवतो. आता असं आयतं अन्न मोकळं झालं की शेजारपाजारचे बॅक्टेरिया त्यावर तुटून पडणारच. नेमक्या याच काळात स्ट्रेप्टोमायसिस अँटिबायोटिक बनवायला लागतो. म्हणजे भरल्या पोटी वाढताना नाही, तर तंगीच्या काळात. कारखान्यात मोठ्या टाक्यांमध्ये हे जीव वाढवतात तिथेही हेच बघावं लागतं, आधी भरपूर खायला घालून संख्या वाढवायची आणि मग खाणं हळूहळू आवळायचं, तेव्हा औषध सुटायला लागतं. या टाक्या हजारो लिटरच्या असतात, त्यात हवा सतत सोडावी लागते, तापमान नीट राखावं लागतं, आणि चुकून बाहेरचा एखादा जंतू शिरला तर पूर्ण टाकी टाकून द्यायची वेळ येते.

काही संशोधकांचं म्हणणं असंही आहे की मातीत ही रसायनं इतकी कमी प्रमाणात असतात की ती मारण्यासाठी नसून एकमेकांना इशारे देण्यासाठी असावीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एकदा हे कळल्यावर १९४० आणि ५० च्या दशकात औषध कंपन्यांनी जगभरातून माती गोळा करायचा सपाटाच लावला. एरिथ्रोमायसिन फिलिपिन्सच्या मातीतून आलं, व्हँकोमायसिन बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून, रिफामायसिन फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मातीतून. सेफॅलोस्पोरिन या प्रकाराचं मूळ तर इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, जिथे शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यातल्या बुरशीत आहे, ज्युझेप्पे ब्रोत्झू यांना ती १९४५ मध्ये सापडली. आज इस्पितळात सेफ नावाने सुरू होणारी जी इंजेक्शनं देतात त्यातली बहुतेक या बुरशीचीच पुढची पिढी.

पेनिसिलिनचा शोध लागला आणि बारा वर्षं पडून राहिला

फ्लेमिंगची गोष्ट सगळ्यांना शाळेतच सांगतात. १९२८, लंडन, बॅक्टेरियाच्या बशीवर बुरशी पडली आणि तिच्या भोवतीचे बॅक्टेरिया मेले. शाळेत सांगत नाहीत ते हे, की फ्लेमिंगना त्या रसातून औषध वेगळं काढता आलं नाही आणि विषय मागे पडला. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांनी तो पुन्हा हातात घेतला आणि मे १९४० मध्ये आठ उंदरांना जीवघेणे बॅक्टेरिया टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेनिसिलिन न दिलेले चारही मेलेले होते, दिलेले जिवंत होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिसाला ते दिलं गेलं. संसर्ग चेहऱ्यावर आणि डोळ्यापर्यंत पसरलेला, माणूस मरणाच्या दारात. चार-पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवायला लागला. पण औषधच संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं, तरी पुरलं नाही, आणि मार्चमध्ये तो गेला. मला ही गोष्ट उंदरांच्या प्रयोगापेक्षा महत्त्वाची वाटते, कारण औषध सापडणं आणि औषध पुरेसं बनवता येणं यातलं अंतर तिच्यात दिसतं. ते अंतर अमेरिकेत पिओरियातल्या सरकारी प्रयोगशाळेने आणि तिथल्या कंपन्यांनी कापलं, मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा चिकट द्रव वापरून, आणि १९४३ मध्ये एका खरबुजावर सापडलेल्या जास्त उत्पादन देणाऱ्या बुरशीच्या जोरावर.

जंतू मरतो आणि आपण वाचतो, हे कसं काय

विष तर कुणालाही मारतं. अँटिबायोटिकची खुबी ही की ते अशा भागावर बसतं जो बॅक्टेरियाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, किंवा आहे पण वेगळ्या घडणीचा आहे.

पेनिसिलिनचं उदाहरण घेऊ. बॅक्टेरियाच्या पेशीभोवती एक कडक भिंत असते, आपल्या पेशींना अशी भिंत नसते. पेशी वाढते तसं या भिंतीचं बांधकाम सतत चालू असतं. तिथे काही एन्झाइम, म्हणजे पेशीतली कामं घडवून आणणारी प्रथिनं, गवंड्याचं काम करतात, एकेक वीट घेऊन शेजारच्या विटेला जोडत जातात. पेनिसिलिनच्या रेणूचा एक भाग या विटेच्या टोकासारखा दिसतो. गवंडी ती वीट समजून हातात घेतो आणि ती त्याच्या हाताला कायमची चिकटते, हात अडकला, काम बंद. भिंतीत फटी राहतात, आत दाब जास्त असतो, आणि पेशी फुटते. म्हणूनच जो बॅक्टेरिया वाढतोय, बांधकाम करतोय, त्याच्यावर पेनिसिलिन सगळ्यात चांगलं चालतं.

व्हँकोमायसिनची तऱ्हा वेगळी, ते गवंड्याला हात लावत नाही, विटेचं टोकच धरून बसतं.

दुसरा मोठा गट प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर बसतो, तिला रायबोसोम म्हणतात. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही त्यातली. रायबोसोम आपल्यालाही असतात पण आकाराने वेगळे, त्यामुळे औषध आपल्यांवर सहसा बसत नाही. सहसा म्हणायचं कारण, आपल्या पेशींमध्ये ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांचे रायबोसोम बॅक्टेरियाच्या वळणाचे असतात, कारण फार जुन्या काळी मायटोकॉन्ड्रिया बॅक्टेरियाच होते. याच गटातल्या क्लोरॅम्फेनिकॉल या औषधामुळे रक्त बनायचं काम मंदावतं, त्याचा एक धागा इथे येऊन पोचतो.

आता व्हायरसकडे बघा. त्याला भिंत नाही, स्वतःचा रायबोसोम नाही. गवंडीच नाही तर पेनिसिलिन कुणाचा हात अडकवणार? सर्दीत अँटिबायोटिक कमी पडतं असं नाहीये, त्याला तिथे बसायला जागाच नाही.

टीबीने जे दाखवून दिलं

पेनिसिलिन टीबीवर चालत नव्हतं. १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समनना मिळालं, शॅट्झ यांना आपलं नाव सहसंशोधक म्हणून मान्य करून घ्यायला कोर्टात जावं लागलं, आणि हे चुकीचंच झालं असं मला ठामपणे वाटतं.

ब्रिटनमध्ये हे औषध फार थोडं उपलब्ध होतं, सगळ्यांना पुरणार नव्हतं, म्हणून एक चाचणी आखली गेली. कुणाला औषध मिळणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. १९४८ मध्ये निकाल आला. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांमध्ये ४ मृत्यू, दुसरीकडे १४. औषधांच्या चाचण्या आजही ज्या पद्धतीने होतात तिची ही सुरुवातीची मोठी पायरी.

पण त्याच चाचणीत दुसरं काहीतरीही दिसलं. आधी छान सुधारलेले कितीतरी रुग्ण काही महिन्यांत पुन्हा खालावले आणि त्यांच्या थुंकीतल्या टीबीच्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिन चालेना. कारण साधं होतं. टीबीने फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांच्या जनुकात चुका होत राहतात, त्यातल्या एखाद्या जंतूत योगायोगाने अशी चूक होते की औषध त्याच्यावर बसतच नाही. औषध सुरू केलं की बाकीचे मरतात, हा एक उरतो, आणि मग सगळी जागा त्याचीच.

यावर उपाय निघाला तो एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसणारी औषधं द्यायचा. एका औषधाला चुकवणारा जंतू लाखात किंवा कोटीत एखादा, पण एकाच वेळी दोन औषधांना चुकवणारा मिळणं त्याच्या कितीतरी पट दुर्मीळ. टीबीच्या पेशंटला इतक्या गोळ्या का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, त्याचं उत्तर हे आहे. आणि मधूनच एखादी गोळी सोडणं इतकं घातक का, त्याचंही. आजच्या साध्या टीबीच्या उपचारात आयसोनायझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही माणसाने प्रयोगशाळेत बनवलेली, आणि रिफॅम्पिसिन हे मात्र त्या फ्रेंच किनाऱ्यावरच्या मातीतल्या जीवाचं देणं.

शरीराला औषधाची सवय होते म्हणतात ना?

नाही, शरीराला काही होत नाही. बदलतो तो जंतू. त्यामुळे मी आयुष्यात फारशी अँटिबायोटिक्स घेतली नाहीत म्हणून मला काळजी नाही, असं म्हणून चालत नाही, कारण दाद न देणारा जंतू दुसऱ्या कुणाच्या शरीरात तयार होऊन आपल्याकडे येऊ शकतो. या दाद न देण्यालाच रेझिस्टन्स म्हणतात.

जंतू हे करतो कसं, तर त्याच बांधकामावर परत जाऊ. काही बॅक्टेरिया पेनिसिलिन गवंड्यापर्यंत पोचायच्या आतच कापून टाकणारा एन्झाइम सोडतात. काही जण गवंडीच बदलतात, नव्या गवंड्याच्या हाताला खोटी वीट चिकटत नाही, इस्पितळांना त्रस्त करणारा एमआरएसए नावाचा जंतू हे करतो. व्हँकोमायसिनपुढे काही बॅक्टेरियांनी विटेचं टोकच थोडं वेगळं बनवायला सुरुवात केली, पकडायला जागाच ठेवली नाही. शिवाय औषध आत शिरलं की पंपाने बाहेर फेकणं, हाही एक प्रकार आहे.

यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे ही युक्ती एक बॅक्टेरिया दुसऱ्याला देऊ शकतो. प्लास्मिड नावाचे डीएनएचे छोटे गोल तुकडे असतात, ते एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जातात, अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियातही. एका प्लास्मिडवर चार-पाच औषधांना चुकवायच्या युक्त्या एकत्र असू शकतात.

आणि हे सगळं आपण सुरू केलं का? नाही, आपण फक्त ते प्रचंड वाढवलं. जो जीव अँटिबायोटिक बनवतो त्याला स्वतःला त्यापासून वाचावं लागतं, म्हणजे औषध आणि त्यावरचा तोडगा एकाच घरात तयार झाले. पेनिसिलिन कापणारा एन्झाइम एब्रहॅम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवला, पेनिसिलिन रुग्णांना मिळायच्याही आधी. २०११ मध्ये ३० हजार वर्षं गोठून राहिलेल्या जमिनीतल्या डीएनएमध्ये पेनिसिलिनच्या गटाला, टेट्रासायक्लिनला आणि व्हँकोमायसिनच्या गटाला चुकवणारी जनुकं सापडली. तेव्हा गोळ्या खाणारं कुणी नव्हतं. नुसत्या नव्या औषधावर भिस्त ठेवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं, मातीतून जे नवीन येईल त्याचा तोडगाही मातीत कुठेतरी असणार. मेथिसिलिन हे पेनिसिलिन न कापलं जावं म्हणून मुद्दाम बदलून बनवलं होतं, ते वापरात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि १९६१ मध्ये त्याला दाद न देणाऱ्या जंतूंची नोंद झाली.

उलट बाजूही आहे पण. एका स्ट्रेप्टोमायसिसला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड बनवता येतं, जे त्या कापणाऱ्या एन्झाइमलाच निकामी करतं. घरात ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एकत्र असलेली स्ट्रिप असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून बघा. त्या एका गोळीत बुरशीच्या रेणूत बदल करून बनवलेलं एक औषध आहे आणि मातीतल्या बॅक्टेरियाचं दुसरं, पहिलं गवंड्याचा हात अडकवतं आणि दुसरं त्या पहिल्याला कापू देत नाही.

पण मला तर घेतलं की दोन दिवसात बरं वाटतं

हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं, खोटं कुणी बोलत नाही. साधं व्हायरल दुखणं पहिले तीन-चार दिवस वाढतं आणि मग आपलं आपण उतरतं. आपण डॉक्टरकडे जातो ते नेमकं सगळ्यात जास्त त्रास होतो त्या दिवशी, गोळी सुरू होते आणि दुसऱ्या दिवसापासून उतार पडतो. श्रेय गोळीला जातं. सर्दी आठ-दहा दिवस राहू शकते आणि मागे उरलेला खोकला दोन-तीन आठवडे, त्यात काही बिघडलेलं नसतं.

पिवळा-हिरवा कफ आला म्हणजे बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, हाही असाच समज. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, त्यांच्यात जंतू मारायला लागणारा एक हिरवट एन्झाइम असतो, आणि त्या पेशी व्हायरस आला तरी जमतात. नुसत्या रंगावरून काही ठरत नाही.

घसा दुखणं बहुतेक वेळा व्हायरलच असतं, पण लहान मुलांमध्ये स्ट्रेप्टोकोकस या बॅक्टेरियामुळे होणारी घशाची सूज वेगळी, तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढे हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप येऊ शकतो, आणि तिथे पेनिसिलिन द्यायलाच हवं. अँटिबायोटिकला घाबरून ते नाकारणं ही पण चूकच आहे. न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तात पसरलेलं इन्फेक्शन, यात पहिल्या काही तासांचा उशीरसुद्धा महागात पडतो.

मग कळणार कसं कुठलं औषध चालेल?

त्यासाठी कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी ही तपासणी असते आणि ती कशी होते ते माहीत असावं असं मला फार वाटतं. लघवी, रक्त, पू, जे काही असेल त्यातला बॅक्टेरिया बशीवर वाढवतात, मग बशीभर त्याचा थर पसरून त्यावर वेगवेगळ्या औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात. रात्रभर उबेत ठेवलं की काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल दिसतो, तिथे बॅक्टेरिया वाढलेला नसतो, आणि काही चकत्यांना तो अगदी खेटून वाढलेला असतो. गोलाचा व्यास मोजतात आणि रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे एस किंवा आर लिहितात, एस म्हणजे चालेल, आर म्हणजे नाही. फ्लेमिंगना बशीत जे दिसलं तेच हे, मुद्दाम केलेलं. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रं हे काम करतात, पण तत्त्व तेच.

यासाठी नमुना शक्यतो पहिला डोस घ्यायच्या आधी द्यावा, आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर बॅक्टेरिया बशीत वाढतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. आजार गंभीर असेल तर मात्र रिपोर्टसाठी थांबत नाहीत, नमुना घेऊन लगेच अंदाजाने औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आला की बदलतात. दोन-तीन दिवसांनी डॉक्टरने औषध बदलून आधीपेक्षा साधं दिलं तर त्यांचं आधी चुकलं असं समजू नका, ती चांगल्या उपचाराची खूण आहे.

मोठं, महागडं अँटिबायोटिक जास्त चांगलं नाही का?

जास्त प्रकारच्या बॅक्टेरियांना मारतं एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यात आपल्या आतड्यातले कामाचे बॅक्टेरियाही आले. ते मेले की त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जंतू माजू शकतो, त्याने होणारे जुलाब वयस्कर माणसाच्या जिवावर बेततात. आणि त्यावर पुन्हा व्हँकोमायसिन तोंडाने द्यावं लागतं, कारण तोंडाने घेतलं तर ते रक्तात जवळजवळ जात नाही, आतड्यातच राहतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सचे तीन गट केलेत. पहिल्यात नेहमीच्या आजारांना आधी वापरायची, जसं ॲमॉक्सिसिलिन. दुसऱ्यात जपून वापरायची, ॲझिथ्रोमायसिन यात येतं, हे वाचून अनेकांना धक्का बसेल इतकं ते सर्रास घेतलं जातं. तिसऱ्यात बाकी काहीच चालत नसेल तेव्हाची, कोलिस्टिन वगैरे.

कोर्स पूर्ण करायलाच हवा का?

याबाबतीत वैद्यकीय मत थोडं सरकतंय. टीबीत प्रश्नच नाही, ठरलेले महिने पूर्ण करायचेच. पण साध्या न्यूमोनियात पेशंट नीट सुधारत असेल तर पूर्वीच्या सात ते दहा दिवसांऐवजी पाच दिवस पुरतात असं चाचण्यांमध्ये दिसलंय, आणि जास्त दिवस घेतलं तर आतड्यातल्या बाकीच्या बॅक्टेरियांवर उगाच तेवढा जास्त मारा होतो. म्हणून किती दिवस, हा प्रश्न डॉक्टरला पहिल्याच दिवशी विचारा आणि लवकर बरं वाटलं तर फोन करून विचारा. आपल्या मनाने मध्येच थांबवणं वेगळं आणि डॉक्टरने पाचव्या दिवशी थांबवणं वेगळं. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी ठेवणं किंवा शेजाऱ्याला देणं मात्र अजिबात नको.

नैसर्गिक आहे तर मग साइड इफेक्ट कसे?

मातीतल्या जीवाने ते आपल्या तब्येतीचा विचार करून बनवलेलं नाही. स्ट्रेप्टोमायसिनने कायमचं बहिरेपण येऊ शकतं, टेट्रासायक्लिनने लहान मुलांचे दात डागाळतात, क्लोरॅम्फेनिकॉलने क्वचित रक्त बनायचंच थांबतं. आणि सगळी अँटिबायोटिक्स नैसर्गिक नाहीतही, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि सल्फाची औषधं पूर्णपणे माणसाने बनवलेली आहेत, ॲमॉक्सिसिलिन आणि ॲझिथ्रोमायसिन अर्धी नैसर्गिक, अर्धी बदललेली.

नवीन औषधं का येत नाहीत?

एक तर सोपी होती ती सापडून गेली, माती चाळत बसलं की पुन्हा पुन्हा स्ट्रेप्टोमायसिनसारखी जुनीच हाती लागतात. मातीतले बहुतांश बॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, यावर तोडगा म्हणून काही संशोधकांनी बारीक कप्प्यांची एक पट्टी बनवून बॅक्टेरिया मातीतच वाढवले आणि त्यातून टेक्सोबॅक्टिन मिळालं, २०१५ मध्ये ते जाहीर झालं. दुसरं कारण पैशाचं. नवं अँटिबायोटिक आलं की शहाणे डॉक्टर ते राखून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे, पण मग कंपनीची विक्री कशी होणार? अकाओजेन या कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. विक्रीवर नफा अवलंबून ठेवून हे औषध बनणार नाही, सरकारांनी ते राखून ठेवण्याचे पैसे द्यायला हवेत असं मला स्पष्ट वाटतं.

हे कुणा दुसऱ्याचं दुखणं समजू नका. सिझेरियन, गुडघ्याचं ऑपरेशन, किमोथेरपी, किडनी बदलणं, हे सगळं इन्फेक्शन आवरता येतं या भरवशावर उभं आहे. किमोथेरपीतलं डॉक्सोरुबिसिन तर स्वतःच एका स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळालंय.

मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, मी काय करू?

लहानपणी कधीतरी गोळी घेतल्यावर पुरळ आलं आणि कागदावर ॲलर्जी असा शिक्का बसला, असे असंख्य लोक आहेत. रीतसर तपासणी केली तर अशा दहापैकी जवळपास नऊ जणांना खरी ॲलर्जी नसते, पुरळ कधी त्या वेळच्या व्हायरसचंच असतं तर कधी ॲलर्जी वर्षानुवर्षांत निघून गेलेली असते. पण शिक्क्यामुळे त्यांना आयुष्यभर साधं पेनिसिलिन सोडून जपून वापरायच्या गटातली औषधं दिली जातात. तेव्हा नेमकं काय झालं होतं, किती वर्षांपूर्वी, ते आठवून डॉक्टरला सांगा आणि तपासणी करता येईल का विचारा. घरी गोळी घेऊन बघायची नाही, आणि तेव्हा श्वास अडकला होता, चेहरा सुजला होता किंवा शुद्ध हरपली होती असं असेल तर ही तपासणी इस्पितळातच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हायला हवी.